अवेळी पडलेला टोल

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रूळ आहे. म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. बोदवडकडे माझ्या अंगावरून मालगाड्या धडधडत जायच्या. झिजलो, कापला गेलो आणि धरणगावजवळच्या एका शाळेत लिंबाच्या फांदीला टांगला गेलो. हातोडी बसली की टोल पडतो. शाळा भरते, सुटते. आधी माझं कौतुक झालं, मग गंज चढला.

यंदा शाळेच्या भिंतीवर रंगानं लिहिलं, 'येथे मारहाण, शिवीगाळ अजिबात खपवून घेतली जाणार नाही.' खाली कुलूपबंद तक्रारपेटी. नारळ फुटला, फोटो निघाले. आणि पेटीची किल्ली दिली कोणाला? पोरांना मारणाऱ्या सरांनाच! याला नियम म्हणायचं की थट्टा?

रेशमा सातपुड्याकडून कापूस वेचायला आलेल्या घरची. तोंडून तिची बोली निघाली की सर म्हणत, "जंगलातून आलीस का?" आणि पट्टी उभी धरून बोटांवर मारत. त्या दिवशी रक्त आलं. सुट्टीत माझ्याखाली बसून ती रडली. उद्यापासून शाळेत येणार नाही म्हणाली.

सातवीतल्या हेमांगीनं ते ऐकलं. सुट्टी संपून तास सुरू झाला आणि ती वर्गातून उठून थेट माझ्याकडे आली. हातोडी उचलली आणि मला जे ठोकलं! आगगाड्या अंगावर झेललेला मी, पण असा थरारलो नव्हतो कधी. एवढीशी पोर!

अवेळी टोल म्हणजे शाळेवर संकट, हे गावाला ठाऊक. शेतातल्या बाया ओटीतल्या कापसासकट धावत आल्या. सगळ्यांच्या पुढे गावातली वडीलधारी भागाबाई.

"काय व्हयनं वं? साप निंघना का?"

"नही अक्का. सर रेशमाले मारतस. पेटीनी किल्ली त्यासनाच खिसामा शे. मंग कोनले सांगू?"

सर गरजले, "टोल वाजवायची परवानगी कोणी दिली तुला?"

भागाबाईनं रेशमाची बोटं त्यांच्यासमोर धरली. "आनि हाई मारानी तुमले कोनी दिधी?"

त्याच दुपारी गावानं लेखी तक्रार तालुक्याला नेली. सरांना वर्गावरून काढलं, चौकशी लागली. दुसऱ्या दिवशी टोल पडला तेव्हा रेशमा रांगेत उभी होती, बोटांना चिंधी बांधून.

मित्रांनो, मला रंग लावा, गंजू देऊ नका, असं मी मागणार नाही. एवढंच मागतो. कुणी लेकरू मार खात असेल, तर घड्याळ बघू नका. ठोका मला.