मग मी सिएनाला गेलो

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. गोष्ट अर्ध्यात आल्यावर मुरडलंत तर मला वाईट वाटेल. मी एक जुना, निळा, प्लास्टिकचा मग आहे आणि माझं निम्मं आयुष्य जर्मनीतल्या एका संडासात, कमोडच्या टाकीवर बसून गेलं. तरीही आज माझी कुणाबद्दल तक्रार नाही. एके काळी होती, खोटं कशाला बोलू? पण ती फिटली. कशी फिटली, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. आमच्यासारख्यांची पत्रिका कोण मांडतो? मला आठवतं ते चिपळूणच्या बाजारातलं दुकान. तिथे मी आणि माझी भावंडं एका सुतळीला कान अडकवून लोंबत होतो. एक दिवस तिथे मनोरमाबाई आल्या. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. दुकानदार लाल मग पुढे करत होता. बाईंनी मला सोडवलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हा द्या. सुंदर कोबाल्ट ब्लू आहे. सकाळी सकाळी अंगावर पाणी घेताना डोळ्यांना बरा वाटेल."

मला सुंदर म्हणणारं ते पहिलं माणूस. मित्रांनो, अशी माणसं विसरायची नसतात.

मला घेतलं होतं ते बाईंच्या लेकासुनेसाठी. गौरांगला जर्मनीत इंजिनिअरची नोकरी लागली होती आणि स्वरूपाही त्याच्याबरोबर निघाली होती. "बादली तिकडे मिळेल गं," बाई सुनेला म्हणाल्या, "मग मिळायचा नाही." त्यांचं म्हणणं अर्धंच खरं ठरलं. तिकडे मग मिळत नव्हता, पण त्या घरात बादलीलाही जागा नव्हती.

आम्ही ज्या गावात आलो त्याचं नाव हेर्त्सोगेनआउराख. उच्चारता उच्चारता माझा कान दुखतो, आणि मला कान एकच. तुम्ही नुसतं 'हेर्त्सो' म्हणा, इथले लोकही तेच म्हणतात. इथल्या न्हाणीघरात काचेच्या खोक्यात उभं राहून शॉवरखाली आंघोळ करतात. बादली नाही, तर मग हवा कशाला? बादली गेली आणि माझी बदली झाली. स्वरूपाने मला उचलून कमोडच्या टाकीवर ठेवलं. ती थोडी ओशाळली होती, पण तिचाही इलाज नव्हता. इथल्या संडासात कागदाची गुंडाळी असते, पाणी नसतं.

एवढंसं काम, पण मी ते मनापासून केलं. तरी जर्मन पाहुणे येणार म्हटलं की माझी रवानगी वॉशिंग मशीनच्या मागे, धुळीत व्हायची. त्यांच्या छोट्या लेकीच्या, तनयाच्या मैत्रिणी आल्या की तीच मला लपवायची. गौरांगने तर माझं नाव 'टमरेल' ठेवलं होतं. कोबाल्ट ब्लूचं टमरेल! मी मनातल्या मनात खूप चिडायचो. आमचा संडास आणि स्वयंपाकघर समोरासमोर, त्यामुळे मला घरातलं सगळं ऐकू यायचं आणि बोलता काहीच यायचं नाही.

दोन हजार चौदाच्या एप्रिलात मनोरमाबाई पहिल्यांदाच लेकाकडे आल्या. आता त्या निवृत्त झाल्या होत्या, तनयाच्या आजी झाल्या होत्या. आल्या आल्या हातपाय धुवायला आत शिरल्या, मला पाहिलं आणि हसल्या. "अगंबाई, तू इथे होय!" मला इतकं भरून आलं, की माझ्यात पाणी असतं तर हिंदकळलं असतं.

आजींची एकच इच्छा होती. त्यांच्या रंगांच्या पेटीत एक पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब होती, बर्न्ट सिएना. तांबूस-तपकिरी, अगदी कोकणातल्या मातीसारखा रंग. त्या जेवताना म्हणाल्या, "जन्मभर मुलींना सांगत आले, माती रंगवायची तर बर्न्ट सिएना घ्या. मुली विचारायच्या, बाई, सिएना म्हणजे काय? मी सांगायचे, इटलीतलं जुनं गाव आहे, तिथल्या मातीचा रंग हा. पण मी कुठे पाहिलंय ते? एकदा बघायचंय, खरंच तसं आहे का."

"मग जाऊया की!" स्वरूपा लगेच म्हणाली. (इथे मी दचकलो. मित्रांनो, मराठी घरात मगाचं जिणं फार कठीण, दर दुसऱ्या वाक्याला कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं.)

बेत ठरला. जूनमध्ये तनयाला फिंग्स्टनची, म्हणजे इथल्या एका ख्रिस्ती सणाची सुट्टी होती आणि त्याच महिन्याच्या शेवटी आजींचं परतीचं विमान. म्हणजे जायचं तर त्याच सुट्टीत. पुन्हा एवढा लांबचा प्रवास होईल की नाही, कोण जाणे. स्वरूपा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि हॉटेलं शोधायला लागली.

पण घोटाळा त्याच संध्याकाळी झाला. गौरांग ऑफिसातला एक किस्सा सांगत होता. त्याच्या कुणा सहकाऱ्याच्या वडिलांची बॅग विमानतळावर उघडली, तर आतून टमरेल निघालं. अधिकाऱ्याने ते उलटंपालटं केलं, त्यातून आरपार बघायचा प्रयत्न केला, आणि काका बिचारे घामाघूम. गौरांगने नक्कलच केली. सगळे खो खो हसले. आजीही हसल्या. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात आजी संडासात आल्या, दाराला कडी लावली आणि माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "तीन दिवस हॉटेलात. कसं करायचं रे बाबा?"

त्या क्षणी मला सगळं समजलं, आणि घरात दुसऱ्या कुणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी आजी स्वरूपाला म्हणाल्या, "अगं, माझे गुडघे. जिने झेपायचे नाहीत." स्वरूपाने पहिलं हॉटेल रद्द केलं आणि लिफ्टवालं शोधलं. तिने फोन करून विचारलंसुद्धा, की लिफ्ट थेट रस्त्यापासून आहे ना, का आधी चार पायऱ्या आहेत? आठवड्याने आजी म्हणाल्या, "तिथे मांसमच्छी फार. माझ्या जेवणाचं काय?" स्वरूपाने स्वयंपाकघर असलेली खोली शोधली. मग एसीचा गारठा निघाला, मग मऊ गादी निघाली. स्वरूपा शोधतच राहिली. अशी सून नशिबानेच मिळते, पण बिचारी शोधत होती भलतंच.

मध्ये एकदा सगळे दिवसभरासाठी जवळच्या बांबेर्ग गावी जाऊन आले. आजींनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. संध्याकाळी चक्कर येऊन सोफ्यावर आडव्या झाल्या. "उन्हाचं झालं असेल," म्हणाल्या.

अखेर गौरांग वैतागला. "आई, आज संध्याकाळपर्यंतच बुकिंग फुकट स्टॉर्नीअरेन, म्हणजे रद्द करता येतं. तेव्हा जायचंय की नाही, एकदाचं सांग."

आजी म्हणाल्या, "तुम्ही तिघं जा रे. मी घरीच बरी. आता या वयात काय बघायचंय?"

खोलीत जाऊन त्या बराच वेळ बसल्या. मग त्या संडासात आल्या, मला गरम पाण्याने खसाखसा घासलं, पुसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि आपल्या बॅगेत घातलं. मग बाहेर काढलं. पुन्हा घातलं. विमानतळावरचे ते काका त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. मी आपला टॉवेलात श्वास रोखून पडलो होतो.

तेवढ्यात गौरांग संडासातून ओरडला, "स्वरूपा! मग कुठाय?"

"मग कुठाय म्हणजे? टाकीवर बघ!"

"नाहीये गं! टाकीवर नाहीये!"

शोधाशोध सुरू झाली. स्वरूपा आजींच्या खोलीत आली. बॅग उघडीच होती आणि टॉवेलातून माझा निळा कान बाहेर डोकावत होता. तिने मला पाहिलं. मग आजींकडे पाहिलं. आजींनी मान खाली घातली.

स्वरूपाने हळूच दार लोटलं आणि त्यांच्याजवळ बसली. "अहो आई, हे होतं? गुडघे नाही, जेवण नाही, हे?"

"कसं सांगू गं? लाज वाटते. मी जन्मभराची शिक्षिका, आणि बोलायचं हे."

"मी इथे नवी होते ना," स्वरूपा म्हणाली, "तेव्हा कित्येक महिने ऑफिसात पाणीच प्यायचे नाही. डोकं दुखायचं. कुणाला सांगू? तुम्हाला फोनवर सांगायचे, सगळं छान आहे."

दोघी एकमेकींकडे बघून एकदम हसायला लागल्या. मित्रांनो, त्या हसण्यात टमरेलाची चेष्टा नव्हती. मला पहिल्यांदा आपण घरातले वाटलो.

स्वरूपाने मला एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने हॉटेलला फोन लावला. मालकीणबाईंचं नाव सिन्योरा पिएरिना. पूर्वी त्यांचं न्यूर्नबर्गला आइस्क्रीमचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना जर्मन फाडफाड यायचं. स्वरूपा फिरवून फिरवून विचारू लागली. न्हाणीघर मोठं आहे का? नळ कमोडपासून किती लांब? जवळ एखादं भांडं ठेवता येईल का?

पलीकडून मोठ्ठं हसू आलं. "बाई, सरळ विचारा ना, धुवायला पाणी आहे का! हो, हो, अगदी आहे! अहो, इथे प्रत्येक कमोडशेजारी बिडे असतं. छोटं बसकं बेसिन, नळासकट, त्याच कामासाठी. आणि ऐका, मी जर्मनीत पहिल्यांदा आले तेव्हा रडले होते. बिडेच नाही! तितकी वर्षं मी एका पत्र्याच्या किटलीवर काढली. पाहुणे आले की ती पलंगाखाली."

स्वरूपाने आजींना सगळं मराठीत सांगितलं. आजी डोळे पुसत पुसत हसल्या आणि म्हणाल्या, "तिलाही लपवावी लागायची?"

मला वॉशिंग मशीनमागची धूळ आठवली. म्हणजे सगळ्या जगात मी एकटाच नव्हतो तर!

बुकिंग रद्द झालं नाही. गौरांगला कळलं तेव्हा तो आईजवळ येऊन उभा राहिला. "आई, सॉरी गं. तो किस्सा मी उगाच..."

"किस्सा छान होता रे," आजी म्हणाल्या. "फक्त त्यात मी होते."

गौरांग आईच्या पायाशी बसला.

मला मात्र बॅगेतून बाहेर काढलं नाही. वाटेत लागेल म्हणून मी बरोबर निघालो. गाडी आल्प्सचे डोंगर ओलांडून चालली होती आणि आजी बाटलीने घटाघटा पाणी पीत होत्या. जिथे थांबू तिथे तनया पिशवीतून मला काढून आजींच्या हातात द्यायची, चारचौघांत, बिनधास्त. हीच ती मला मैत्रिणींपासून लपवणारी तनया!

हॉटेलात सगळं स्वरूपाने ठरवल्यासारखं होतं. रस्त्यापासून लिफ्ट, कडक गादी, चहापुरतं स्वयंपाकघर. दाराजवळच्या खिडकीत एक पोचे आलेली पत्र्याची किटली होती आणि तिच्यात तुळशीच्या चुलतबहिणीसारखं एक हिरवंगार रोप. सिन्योरा आजींना तिथे घेऊन गेल्या, किटलीवर थोपटलं आणि डोळा मारला. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण आजींनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले.

न्हाणीघरात ते बिडे बघितलं आणि मी ओळखलं, आपली सेवा संपली. पांढरंशुभ्र, चकचकीत, गरम-गार दोन्ही पाणी. मी काय त्याच्याशी बरोबरी करणार! वाईट वाटलं, पण आजींची सोय झाली याचा आनंद जास्त होता.

बाहेर खोलीत आजींनी खिडकी उघडली. समोर उतरत गेलेली घरं, भिंती, कौलं. सगळं तांबूस, तपकिरी, भाजलेल्या मातीचं. उन्हात तो रंग नुसता पेटला होता. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच गं स्वरूपा. खोटं नव्हते सांगत मी मुलींना." आणि त्या रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी रंगांची पेटी काढली, कागद लावला आणि पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं. स्वरूपाने हॉटेलचा काचेचा ग्लास पुढे केला.

"नको, तो त्यांचा चांगला ग्लास आहे, डाग पडतील. आपला मग आण."

"अहो आई, तो? तो नको!"

तनयाही ओरडली, "आजी, दास इस्ट डॉख डेअर क्लोबेखर!" म्हणजे, अगं, तो तर संडासातला मग!

"मी स्वतः घासलाय त्याला," आजी म्हणाल्या. "आणि रंगाला कसला आलाय विटाळ?"

त्यांनी मला खिडकीत, सिएनाच्या उन्हात ठेवलं. माझ्यात स्वच्छ पाणी भरलं. मग ब्रश बुडवला आणि माझ्या पाण्यात तो मातीचा रंग हळूहळू पसरत गेला. मित्रांनो, इतकी वर्षं मी पाणी देत आलो होतो, पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं.

हेर्त्सोला परतल्यावर गौरांगने स्वतः कमोडशेजारी नळी आणि फवारा बसवून घेतला. आजी महिनाअखेर चिपळूणला गेल्या. जाताना एक ब्रश माझ्यात उभा करून मला तनयाच्या टेबलावर ठेवून गेल्या. आता जर्मन मैत्रिणी आल्या की तनया मला लपवत नाही. "आजीचा मग" असं मराठीतच सांगते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरचं मोठं माणूस "तुम्ही जा, मी घरीच बरी" म्हणालं, तर गुडघे ऐकून घ्या, जेवण ऐकून घ्या, आणि मग जवळ बसून हळूच विचारा, की संडासाचं काय? हसू नका, नुसतं विचारा. आणि कोपऱ्यात एखादा पोचे आलेला, रंग उडालेला मग असेल, तर त्याला फेकू नका. त्याने तुमच्या माणसांची लाज सांभाळलेली असते.

मी तर सुखात आहे. दर रविवारी तनया लॅपटॉप माझ्याशेजारी उघडते आणि पडद्यावर आजी येतात. चष्मा सारखा करतात, हसतात, आणि त्यांचा पहिला शब्द दर वेळी तोच असतो.

"मग?"

त्या तनयाची खुशाली विचारतात, मला कळतं ते. पण आधी मीच मनात म्हणून घेतो, बरा आहे, आजी. अगदी मजेत आहे.