गायरानातली शेवटची गाय

दावं सुटलं की बडबड्याची गाय सरळ गायरानाची वाट धरायची. आता गायरान उरलंच कुठं होतं? नदीपलीकडच्या लढाईत घरं जळालेली माणसं सरकारनं तिथं आणून वसवली, पत्र्याची खोपटी उभी राहिली आणि चरायला जागा नाही म्हणून गावाची गुरं एकेक करून बाजारात गेली. बडबड्या गावचा गुराखी. दिवसभर गुरांशीच गप्पा, म्हणून हे नाव. त्याच्याकडे स्वतःची ही एकच राहिली. पण गाईला कोण समजावणार! ती एका खोपटापुढं, तिथल्या बाईनं लावलेल्या लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याच्या वाफ्याशी जाऊन उभी राहायची.

पहिल्या दिवशी तो भांडायच्या तयारीनंच धावला.

"बाई, मुकं जनावर आहे, मारू नका!"

"मारीन कशाला, भाऊ? माझीही गाय होती. तीही जळल्या दाराशी जाऊन उभी राहत असेल."

बडबड्यानं काठी खाली ठेवली. त्या दिवसापासून बाई गाईला रोज मूठभर घास घालू लागली. "बहीण मिळाली बरं का बडबड्याला!" गाव खिदळायचं. खिदळेना का, हळूहळू दोन-चार बायका तिच्याकडं भाजीला जाऊ लागल्या होत्या.

मग बडबड्या तापानं पडला. गाय एकटीच गेली. मालक आजारी, गाय उपाशी, म्हणून बाईनं पावसात भिजलेला भाराभर घास तिच्यापुढं टाकला. तिच्या मुलखात गुरं वाळल्या चाऱ्यावरची. तिला काय ठाऊक! दुपारी गाय फुगून मेली.

तापातच धावत आलेल्या बडबड्यानं तिच्या पोटावर हात ठेवला मात्र, त्याला कळलं. त्याच्या हातूनही अशा दोन गेल्या होत्या.

तोवर गाव जमलं. "विष घातलं! आज गाय, उद्या आपली पोरं!"

"भाऊ, तुम्ही तरी सांगा," बाई म्हणाली.

"बोल रे बडबड्या!"

ओल्या चाऱ्यानं पोट फुगलं, एवढंच सांगायचं होतं. पण ही माणसं गेली तर गायरान मोकळं होईल, गुरं परत येतील, हे त्याच्या मनात आलं. त्यानं मान खाली घातली.

गावानं तक्रार केली आणि आठ दिवसांत त्या माणसांना हलवायला ट्रक आले. बाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

गवत कमरेएवढं वाढलं. गावात पुन्हा कुणी गुरं घेतली नाहीत. बडबड्या अजून सकाळी काठी घेऊन जातो, मोडक्या खोपटापुढं बसतो. वाफ्यातला घास पुन्हा फुटलाय. तो उपटतो, मूठ धरतो आणि कुणापुढं टाकावा ते न कळून तसाच बसून राहतो.