घोट्यातून निघालेला स्क्रू

"निघाला, निघाला!" बैठकीच्या खोलीत एकच गलका झाला. लोखंडबाबांनी शिवणवाल्या मावशींच्या सुजलेल्या घोट्यावर कापूस दाबला, बुबुळं फिरवली, "ये रे लोखंडा, बाहेर ये!" असा हुकूम सोडला आणि ताटलीत टण्णकन स्क्रू पडला. कातडीवर नवा ओरखडासुद्धा नाही! वीस-पंचवीस माणसं टाळ्या पिटू लागली.

मावशीही खुदकन हसल्या. सहा आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून त्यांच्या घोट्याचा झिजलेला सांधा तीन स्क्रू घालून कायमचा जोडला होता. परवापासून जखम लाल, गरम झाली होती, पू येत होता. पाय गेला तर शिलाई मशीन कोण चालवणार, या धास्तीने त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बाबांना घेऊन आलेली नणंद हरखली. "सांगत नव्हते वहिनी? अंगातलं लोखंड तापतं, म्हणून सूज!"

"उरलेले दोन पुढच्या आठवड्यात," बाबा म्हणाले. "तोवर गोळ्या बंद, दवाखाना बंद."

"लोखंड?" मावशी थबकल्या. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंनी तर सांगितलं होतं, स्क्रू टायटॅनियमचे आहेत, चुंबकाला चिकटत नाहीत. मावशींच्या मनगटाला टाचण्या गोळा करायचा चुंबक बांधलेला होता. तो त्यांनी ताटलीवर धरला. स्क्रू टुणकन उडी मारून चिकटला.

"बाबा, हा माझा नव्हे हो!"

"माझ्या शक्तीनं धातू पालटला, बाई!"

"धातू पालटलात, मग पू तेवढा कशाला ठेवलात?"

खोलीत हशा पिकला. आता नणंदेलाही शंका आली; तिने तरातरा जाऊन बाबांचा कापसाचा डबा पालथा केला. खळ्ळकन आणखी सात स्क्रू सांडले.

"हे तर बिजागरीचे!" शेजारचे सुतारकाका ओरडले. "वहिनींच्या पायाला दार बसवलंय की काय?"

युक्ती एवढीच: स्क्रू आधीच कापसात, दाबताना बोटं जराशी सैल. हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढ्यात बाबा डबा तिथेच टाकून पसार झाले.

नणंदेनेच गाडी बोलावली. एक्स-रेत तिन्ही स्क्रू जागच्या जागी होते. सर्जनबाईंनी जखम उघडून धुतली, पू तपासायला पाठवला, औषध बदललं.

"लागण अजून हाडात शिरलेली नाही. आठवडाभर थांबला असतात, तर मी हे म्हणू शकले नसते."

"आणि मशीन?"

"हाड जुळेपर्यंत या पायावर भार नाही. मग खुशाल चालवा."

"वहिनी, तोवर पायडल मी मारते," नणंद पुटपुटली.

ऑपरेशननंतर जखम लाल झाली, तापली, वाहू लागली किंवा अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि कुणी तुमच्या हाडातून काही काढून दाखवलं, तर टाळी वाजवण्याआधी एक्स-रे मागा.