कुटुंबानं ठरवलं

"माणूस आधी कुळाचा असतो, मग राष्ट्राचा. 'मला वाटतं, मला आवडतं' ही बाहेरून आलेली साथ आहे. चर्चा, मतदान, व्यक्तिस्वातंत्र्य ही सगळी त्याच साथीची लक्षणं!"

अनंतनं असं खणखणीत आवाजात सांगितलं तेव्हा सभागृहातल्या तीसेक तरुणांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मागच्या रांगेतून अप्पांनीही वाजवल्या. अनंत चपापला. उभा जन्म शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या आपल्या वडिलांनी 'वज्रनिष्ठा अभ्यासवर्गा'त येऊन टाळ्या वाजवाव्यात, ह्यात काहीतरी गोम होती.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर कळली.

"रविवारी कोथरूडची मंडळी येताहेत," पेपरातून मान वर न काढता अप्पा म्हणाले. "मुलगी हुशार आहे. तुझं लग्न ठरवतोय."

"ठरवताय? मला न विचारता?"

"तुला कशाला विचारायचं? निर्णय कुळानं घ्यायचा असतो. काल तूच तर सांगितलंस. मला पटलं म्हणून टाळ्या वाजवल्या."

"आणि त्या मुलीला तरी विचारलंत का?"

"विचारलं की. भेटून बघते म्हणाली. तिच्या घरचं कुणी तुमच्या वर्गाला येत नाही ना."

अनंतनं चहा तसाच ठेवला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे हेमावहिनी चिमीला खिमट भरवत होती. चिमी दीड वर्षाची. तिला 'आई' म्हणता यायचं, 'भुभू' म्हणता यायचं, पण तिचा लाडका शब्द होता 'नाई'. चमचा समोर आला की 'नाई', चमचा मागे नेला तरी 'नाई'.

"तिला जरा शिस्त लावा हो, वहिनी."

"तुम्हीच लावा, भाऊजी," म्हणून वहिनीनं वाटी त्याच्या हातात दिली.

अनंतनं चमच्याचं विमान केलं, मग आगगाडी केली, शेवटी स्वतः घोडा झाला. चिमीनं एक घास घेतला, विचार केला आणि तो काकाच्या खांद्यावर परत दिला. वर हसली, कोवळे चार दात दाखवून. अनंतला तिच्यावर रागवता येईना. तो तिला मांडीवर घेऊन खाली फरशीवरच बसला.

"वहिनी, माझं... म्हणजे मला एक मुलगी..."

"आनंदी. मंडईमागे शिवणकामाचं दुकान आहे ती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एकाच सदऱ्याची बटणं दर आठवड्याला तुटतात, आणि तुमच्या टेबलावर कात्रीशेजारी सापडतात. सांगायला कशाला कोण हवं?"

अनंतचे कान लाल झाले. अभ्यासवर्गाचे पांढरे सदरे आनंदीच्या दुकानातून शिवून आणायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हापासूनचं हे होतं. आनंदी मोठ्यानं हसायची, त्याचं प्रत्येक वाक्य खोडून काढायची, आणि तो पुन्हा खोडून घ्यायला जायचा. दुकानात तिची भागीदार होती मुमताज. कापायचं काम आनंदीचं, शिवायचं मुमताजचं. मागच्या महिन्यात वर्गानं शपथ घेतली, मुसलमानांशी देणंघेणं ठेवायचं नाही. सगळ्यांबरोबर अनंतनंही हात वर केला. ज्या बाहीतून तो हात वर गेला ती मुमताजनंच जोडली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. कालच्या भाषणात शपथेचा परिच्छेद आला, तेव्हा पाणी प्यायचं निमित्त करून तो तेवढा गाळला.

"अप्पांना सांगा जाऊन," वहिनी म्हणाली. "आणि चिमीला इथे ठेवा. ढाल म्हणून नेऊ नका."

बाहेर येऊन अनंत अप्पांसमोर उभा राहिला.

"अप्पा, मला आनंदी आवडते. मला तिच्याशीच लग्न करायचंय."

अप्पांनी पेपराची घडी घातली. "तुला आवडते? कधीपासून ही साथ लागली म्हणायची?"

"अप्पा, प्लीज."

"बरं. कोथरूडला फोन करतो. आणि ह्या आनंदीला विचारलंस?"

"अजून... नाही."

"म्हणजे तिचं तू परस्पर ठरवून टाकलंस. माझ्यापेक्षाही पुढे गेलास की रे!"

अनंतनं पायात चपला सरकवल्या.

दुकानात आनंदी एका झबल्याच्या मापाचा कागद कापडावर मांडत होती. मुमताज मशीनवर होती. दारात अनंतला बघून आनंदी म्हणाली, "आज कुठलं बटण?"

"आज बटण नाही." आणि मग दुकानाच्या पायऱ्यांवर पाठ केलेलं सगळं विसरून त्यानं सरळ विचारलं. मुमताजनं मशीन थांबवलं. आनंदीनं कात्री खाली ठेवली.

ती हसली नाही. ह्याचीच अनंतला भीती वाटली.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. "भांडायला तुझ्यासारखा कुणी नाही. पण तुझी भाषणं मी मोबाइलवर ऐकते. त्या राष्ट्रात ही मुमताज कुठे बसते रे?"

"कालच्या भाषणात तसलं काही नव्हतं."

"आणि शपथ घेतलीत त्या दिवशी?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. "हात वर केला होता मी," तो म्हणाला. "काल तेवढं गाळलं. पण चूक आहे असं म्हणालो नाही. सगळ्यांसमोर एकटा पडेन अशी भीती वाटली."

अनंतनं फोन काढला, मग मुमताजकडे बघितलं. "वर्गप्रमुखांना सांगतोय. तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

"घ्या की. बाहेर पाटीवर दोघींची नावं आहेत. वर्गातल्या विद्वानांना पाटी वाचता येत नसेल तर त्याला मी काय करू?"

अनंतनं फोन लावला. "मी अनंत. मी ती शपथ मोडतोय. ती चूकच होती, येत्या बैठकीत उभा राहून सांगणार आहे. आणि आपले सदरे मुमताजबाईंनी शिवलेत... हो, सगळे. तुमचाही."

पलीकडून आवाज आला, इतका मोठा की दोघींनाही ऐकू गेला, "पण फिटिंग तर चांगलं बसलंय रे!" पाठोपाठ, अनंतला बैठकीत बोलू देणार नाही, त्यानं वर्गात पाऊल ठेवू नये, वगैरे. फोन बंद झाला.

मुमताज खुर्चीत वाकून हसत होती. आनंदी मात्र त्याच्याकडेच बघत होती.

"हे माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यामुळे केलं. पण तू नाही म्हणालीस तरी परत जाणार नाही. दारात उभा राहून का होईना, सांगणार आहे."

"मग मी विचार करून सांगते."

"कधी?"

"माझं ठरलं की."

अनंतनं मान डोलावली. त्याचं सगळं पुढचं आयुष्य आता ह्या मुलीच्या मनावर होतं, आणि तिथे त्याचं काही चालणार नव्हतं, कुळाचं नाही, वर्गाचं तर नाहीच. तरी चेहऱ्यावरचं हसू काही केल्या जाईना. तो जायला वळला.

"थांबा, चहा टाकते," मुमताज म्हणाली. "ही अस्तराचा रंग निवडायला अख्खी दुपार घेते. तुमचं तर लग्न आहे. बसा आरामात."