उजव्या पायाचा अंगठा

“आता दुखणार नाही, मावशी. सांधा पक्का जुळलाय,” एक्स-रे उजेडाकडं धरून डॉक्टर म्हणाले.

“आन् वाकाया कवा लागंल?” ताईबाईनं विचारलं.

“वाकणार नाही. हाडं कायमची जोडलीत ना. दोन स्क्रू आहेत.”

ताईबाईला वाटलं, डॉक्टर दुसऱ्याच कुणाचा फोटो बघतायत. झिजलेल्या अंगठ्यावर दोन इलाज त्यांनीच सांगितले होते. वाढलेलं हाड घासलं तर अंगठा वाकेल, पण दुखणं परतू शकतं. सांधा जोडला तर दुखणं जाईल, पण वाकणंही जाईल. तिनं तिथल्या तिथं घासायचं सांगितलं होतं. कवठे येमाईत कांदा लागवडीच्या बायकांची टोळी तीच चालवायची, आघाडीचा वाफा वीस वर्षं तिचा. उकिडवं बसून सरकायचं म्हणजे सगळा भार अंगठ्यांवर.

“तुमचा विचार बदलला, असं तुमचा मुलगा रोहन म्हणाला. फॉर्मवर सही तुमचीच आहे.”

सही तिचीच होती. फॉर्म इंग्रजीत होता. “घासायचंच लिवलंय, कर सही,” असं पोरानं सांगितलं आणि तिनं डोळे झाकून केली. त्याला इंग्रजी वाचता यावं म्हणूनच तर जन्मभर वाफ्यात बसली होती!

शिरूरच्या दवाखान्याबाहेर रोहन गाडीपाशी उभा होता. “खोटं सांगून सही का घेतलीस?” तिनं विचारलं.

“किती येळा सांगितलं, घरी बस. ऐकलंस का? कंपनीत लोक इचारत्यात, आई अजून रोजानं जाती व्हय? लाज वाटती मला.”

“मंग तसं तोंडावर सांगायचं. भांडले असते. पर पाय माझा व्हता, रोहन.”

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. पोटच्या पोरानंच केसानं गळा कापला, आणि वर म्हणे तिच्या भल्यासाठी.

महिन्याभरानं ती रानात गेली. आघाडीला आता शेवंताबाई होती.

“ताईबाई, तुम्ही बांधावर बसून रोपं द्या,” ती मायेनं म्हणाली.

ताईबाईनं उकिडवं बसून पाहिलं. अंगठा वाकेना. तोल जाऊन ती मागं चिखलात बसली. कुणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं.

मग तिनं पदर खोचला, दोन्ही गुडघे चिखलात टेकले आणि कडेचा वाफा धरला.

ड्यूटीवरनं परतलेला रोहन बांधावरनं हाका मारत होता, “आई, ऊठ! घरी चल!”

तिनं मान वर केली नाही.

“शेवंता,” ती म्हणाली, “अजून रोपं टाक इकडं.”