टोपण तेवढं राहू दे

खंडेरावाने पेट्रोलची नळी ओठांत धरली आणि गाल फुगवून फुंक मारली. नळीच्या दुसऱ्या टोकाशी निसारने तळवा धरला होता. तळव्याला वारा लागला तशी त्याने मान डोलावली.

"साफ आहे. आरपार."

"मग अडतंय कुठं?"

निसारने तळवा लुंगीला पुसला आणि बिडी पेटवायला अंगणाच्या पार टोकाला गेला. पेट्रोल उघडं असलं की तो तिथंच उभा राहून ओढायचा. भद्रकालीत त्याचं स्टोव्ह आणि सायकली दुरुस्तीचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाला फळ्या लावून तो इकडे यायचा. श्रावणापासून त्याचा हा नेम चालला होता.

पत्र्याच्या छपराखाली मोटारसायकल उभी होती, आणि तिला जोडलेला एका माणसाच्या बसण्याचा पाळणा. साइडकार हा शब्द खंडेरावाला ठाऊक होता, पण आळीत सगळे पाळणाच म्हणायचे, कारण साळूबाई म्हणायची. जर्मनच्या लढाईनंतर देवळाली कॅम्पात जुन्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा खंडेरावाने ही गाडी उचलली होती. त्या वेळी तो सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता आणि त्याच्या मिशा काळ्या होत्या. पुढं टायर गेले, लेकीचं, सिंधूचं लग्न निघालं, आणि गाडी गोणपाटाखाली गेली ती गेलीच. कोंबड्या पाळण्यात अंडी घालू लागल्या. अंडी काढताना साळूबाई दर खेपेला म्हणायची, "माझ्या जागेवर बसतात मेल्या."

मागच्या पौषात तापाचं निमित्त झालं आणि साळूबाई गेली.

दिवसकार्य आटोपल्यावर सिंधू आणि तिचा नवरा वाल्मीक यांनी एकच धरलं, की बाबांनी आता लासलगावला यावं. वाल्मीकचा तिथं कांद्याचा व्यापार होता, घर मोठं होतं, आणि माणूस चांगला होता. तीच अडचण होती. जावई वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. श्रावणात तो न्यायलाच आला, तेव्हा खंडेराव शिडी शोधत छपराखाली गेला होता आणि शिडीऐवजी गोणपाट बाजूला सारून गाडीकडे बघत उभा होता.

वाल्मीक हसला. म्हणाला, "मामा, ही गाडी दसऱ्याला तुम्हाला आमच्या दारात घेऊन आली, तर मी परत विषय काढणार नाही. नाही आली, तर घराला कुलूप लावायचं."

"कबूल," खंडेराव म्हणाला.

वाल्मीकचं हसू तिथंच थांबलं. तो गंमतीने बोलला होता, पण शब्द तर गेला होता.

घरात तसं ठेवून जाता न येण्यासारखं काही नव्हतं. दोन खोल्या, एक चूल, पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत. त्या भिंतीत चुलीच्या वर एक कोनाडा होता. त्यात साळूबाईचा कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी तशीच होती. लासलगावच्या घरात सगळं होतं, पण तो कोनाडा तिथं नव्हता.

म्हणून दोघे म्हातारे कामाला लागले. निसारने ठिणगी पाडणारा मॅग्नेटो खोलून पुसला, उन्हात वाळवला, पुन्हा बसवला. खंडेरावाने कार्बुरेटर घासलेटात बुडवून त्याचं भोक न् भोक मोकळं केलं. टायर जुन्या बाजारात हुडकले. पाळण्याची गादी कोंबड्यांनी खलास केली होती; ती जिनगराकडून नवी शिवून घेतली. निसार म्हणाला, गादीवर कोण बसणार आहे, गाडी चालली की बस. खंडेरावाने ऐकलं नाही. मग चिंच आणि राख घेऊन दोघे पितळेवर बसले. दिवा उजळला, भोंगा उजळला. निसारचा चिंचेचा हात टाकीच्या टोपणाकडे गेला, तेव्हा खंडेरावाने त्याचं मनगट धरलं.

"टोपण तेवढं राहू दे."

निसारने बघितलं. पितळी टोपणावर लाल जाड थर होता. गाडी पहिल्यांदा दारात आली त्या दिवशी साळूबाईने तिला ओवाळून तिथं कुंकू लावलं होतं. मग दर दसऱ्याला लावलं, दर खेपेला माहेरी निघताना लावलं. गाडी गोणपाटाखाली गेल्यावरही दसऱ्याला ती गोणपाटाचं एक टोक वर करायची, लावायची आणि परत झाकायची. निसारने चिंच मडगार्डकडे वळवली आणि पुन्हा टोपणाला हात लावला नाही.

गणपतीत गाडी सुरू झाली. आळी गोळा झाली. धोंडाबाई, म्हणजे शेजारीण, भिंतीवरून म्हणाली, "आवाज तोच हाय. साळूबाई असती तर आता डोईवर पदर घेऊन बसली असती."

पण औरंगाबादच्या रस्त्याने माडसांगवी ओलांडली, पुढची विहीर आली, की गाडी ठसकायची आणि गप्प व्हायची. खंडेराव उतरून टोपण उघडून बघायचा. पेट्रोल असायचं. टोपण लावायचा, इंजिन निवेपर्यंत सावलीत बसायचा, मग गाडी पुन्हा उठायची आणि तेवढंच अंतर जाऊन पुन्हा बसायची. परवा तर निसारने चिडून इतक्या लाथा मारल्या, की प्लग भिजला आणि बैलगाडीला बांधून ती घरी आणावी लागली. गाडीवान वाटभर हसत होता. लासलगाव तर कितीतरी पुढं.

खरं म्हणजे ही खोड नवी नव्हती. पूर्वीही ती त्याच विहिरीपाशी बसायची. साळूबाईचं माहेर निफाडच्या पुढं. जाताना वाट तीच. खंडेराव गाडीला शिव्या घालत पाने-पक्कड काढायचा. साळूबाई पाळण्यातून उतरून जांभळीखाली बसायची, दशम्यांचं फडकं सोडायची आणि म्हणायची, "गाडीच म्हणते थांबा, तर तुम्हाला कसली घाई?" मग तोही बसायचा. सिंधूला शाळेत घालायचं त्या जांभळीखाली ठरलं. सिंधूच्या पाठचा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला, त्याच्याबद्दल साळूबाई एकदा बोलली ती तिथंच. घरी कधी बोलली नाही. घरी तो तिन्हीसांजेनंतर तेलकट अंगाने यायचा, जेवायचा आणि झोपायचा.

आता निसार बिडी विझवून परत आला आणि म्हणाला, "खंडू, माझी अक्कल संपली. परवा दसरा आहे. जावयाला सांग, बसने येतो."

"बसने गेलो तर परत येणं नाही."

निसारला ते माहीत होतं. त्याने नळी पुन्हा जागेवर बसवून दिली आणि दुकानाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेरावाने पाने, पक्कड, हातोडी धुऊन पुसून पाटावर मांडली. सणाचं वर्ष नव्हतं, दाराला तोरण नव्हतं. धोंडाबाईने भिंतीवरून झेंडूची फुलं दिली आणि म्हणाली, "यंदा तुमच्याकडं सण नाय, ते खरं. पण हत्यारांना कसलं सुतक?" पूजा झाली की दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही, हे तिने सांगायची गरज नव्हती. सर्व्हिस मोटारीच्या गॅरेजातही त्या दिवशी नट पिळला जात नसे.

इतकी वर्षं ही पूजा साळूबाई करायची. तो फक्त नमस्काराला यायचा. खंडेरावाने कोनाड्यातून करंडा आणला, हत्यारांना बोटं लावली, मग टोपणावर चिमूट ठेवली. वारा आला आणि चिमूट उडून गेली. पुन्हा ठेवली. पुन्हा उडाली.

भिंतीपलीकडून धोंडाबाई बघत होती. "तसं कुठं ऱ्हातंय, भावजी? आधी मेण लावा. आम्ही कपाळाला लावतो तसं. साळूबाई मेणाची डबी घेऊनच बसायची गाडीपाशी."

तो आत जाऊन डबी घेऊन आला. झाकण घट्ट बसलं होतं. उघडलं तर मेणात बोटाएवढा खळगा होता. साळूबाईचं बोट तिथंच फिरायचं. मग त्याने कडेचं मेण घेतलं, खळगा तसाच ठेवला आणि ते मेण टोपणावर दाबलं.

बोटाखाली जुना थर लागला. मेण आणि कुंकू, त्यावर मेण आणि कुंकू, असा वर्षावर वर्ष चढलेला. आणि मधोमध बोट किंचित आत गेलं, खाली खड्डा असावा तसं.

खंडेरावाने टोपण फिरवून काढलं, उलटं केलं आणि उजेडात धरलं. आतल्या बाजूला बरोबर मध्ये एक बारीक भोक होतं. ते लाल मेणाने गच्च भरलं होतं.

तो पाटाशेजारी खाली बसला. डब्यातून घासलेट ओतायचं तर डब्याला दुसरं भोक पाडतात, वारा आत जायला; नाहीतर तेल येतं, येतं आणि थांबतं. हे आळीतल्या कुणालाही कळतं. टाकीतही वारा जायला हवा होता. तो दर खेपेला टोपण उघडायचा, वारा आत जायचा, आणि त्याला वाटायचं, इंजिन निवलं. सगळी गाडी त्याने खोलून पुसली होती. हे एवढं सोडून. मग उठून त्याने टोपणावरच्या ताज्या मेणावर कुंकवाची चिमूट दाबली; या खेपेला ती राहिली.

दुपारी निसार आला. खंडेरावाने टोपण त्याच्या हातात दिलं. निसारने ते उजेडात धरलं, करंगळीचं नख भोकाशी नेलं आणि परत घेतलं.

"या अल्ला," तो हळू म्हणाला. "आणि आपण मॅग्नेटो खोलून बसलो." मग म्हणाला, "सुई आण. आत्ता मोकळं करतो."

"आज हत्याराला हात लावायचा नाही."

"सुई कधीपासून हत्यार झाली?"

"सुईसुद्धा."

"आणि उद्या?"

"उद्या उजाडता निघायचं आहे."

निसारने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग टोपणावरच्या ताज्या कुंकवाकडे. त्याने टोपण टाकीवर ठेवलं, पूर्ण आवळलं आणि अंगठ्याने अर्धा वेढा मागं फिरवलं.

"हे बघ. हात लावला, हत्यार नाही लावलं. एवढ्या फटीतून वारा जाईल. पेट्रोल थोडं उडेल, धोतर सांभाळ." दाराशी जाऊन तो वळला. "कुंकू तुझ्या बायकोने लावलं आणि शिव्या मी खाल्ल्या."

खंडेराव हसला. पौषापासून पहिल्यांदा हसला असेल.

निसार गेल्यावर तो भिंतीपाशी आला. धोंडाबाई झेंडूची माळ ओवत होती.

"धोंडाबाई, गाडी वाटेत बंद पडायची, त्याबद्दल ती कधी काही बोलायची का?"

"बोलायची की." धोंडाबाईने दोऱ्याला गाठ मारली. "म्हणायची, घरी हे मोटारीचे. वाटंत तेवढे माझे."

ती ते भोक जाणूनबुजून बुजवायची का, हेही त्याला विचारायचं होतं. ते त्याने विचारलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्याच लाथेला गाडी उठली. निसार दुकान न उघडता आला होता. धोंडाबाईने फडक्यात बांधलेल्या दशम्या आणून पाळण्यात नव्या गादीवर ठेवल्या. शेजारी खंडेरावाने लेकीसाठी आपट्याची डहाळी ठेवली. निसारने टोपणाला बोट लावून बघितलं, अर्धा वेढा सैल होतं तसं होतं.

"दुपारच्या आत पोचशील," तो म्हणाला. "जावयाला माझा सलाम सांग. म्हणावं, सासरा तुला मिळत नाही."

आळी मागं पडली. नांदूर नाका आला. गाडीचा आवाज एकसारखा होता, कुठं अडखळत नव्हता. डाव्या हाताला पाळण्यात दशम्यांचं गाठोडं हलत होतं. नाक्यापुढं रस्ता मोकळा झाला तशी खंडेरावाने गाडी हळू केली आणि कडेला घेतली, पण बंद केली नाही. मागं वळून बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

त्याने टोपणावर तळवा ठेवला, कुंकू पुसणार नाही असा कडेने, आणि अर्धा वेढा फिरवून ते घट्ट आवळलं.

माडसांगवी गेली. उन्हं ज्वारीवर आली होती. विहीर दिसू लागली आणि गाडीने पहिला ठसका दिला, मग दुसरा. खंडेरावाने ती जांभळीखाली घेतली. इंजिन थांबल्यावर सगळीकडे एकदम शांत झालं.

तो उतरला, पाळण्यातलं गाठोडं घेतलं आणि झाडाच्या बुंध्याशी बसला. टोपण उघडून बघायची त्याने या खेपेला घाई केली नाही.