शेणाने सारवलेला रस्ता

मी भुईगावचा रस्ता बोलतोय. रस्ता कसला, तीन-चार बैलगाड्या मावतील एवढा तुकडा! पण खडी, डांबर, रोलर सगळं सोसलेला. ऐंशी सालाच्या सुमारास मला नमुना म्हणून बांधलं.

इथली जमीन रेताड. तिच्यावर पक्का रस्ता तगेल का, हे बघायला लोखंडी सांगाड्यातलं एक वजनदार चाक इंजिनाने माझ्यावरून दिवसभर पुढे-मागे फिरवायचे. शरदचंद्र इंजिनीयर म्हणायचे, "वर्षानुवर्षांची रहदारी याला एका उन्हाळ्यात दाखवतो." घ्या, म्हातारपणाचीसुद्धा घाई! मी टिकलो तर गावाला रस्ता मिळणार होता.

शेजारच्या वाडीतली क्लेमेंटीनबाय रोज डोकावून जायची. आदल्या पावसाळ्यात तिची सून फ्लॉसी अडली, दवाखान्यात नेताना बैलगाडी चिखलात रुतली आणि मूल दगावलं. आता फ्लॉसीला पुन्हा दिवस गेले होते.

"टिक रे बाबा," बाय मला म्हणायची. मी आपला टिकत होतो.

शेवटी मोठे साहेब तपासणीला यायचे ठरले. माझ्या अंगावर चाकोरी उमटली होती, बारीक भेगाही होत्या. बायला ते बघवेना.

"पाहुणा यायचा नि अंगण असं भेगाळलेलं? लोक काय म्हणतील गो!"

झालं! तिने शेणमाती कालवली आणि मला कडेपर्यंत छान सारवून काढलं.

साहेब आले ते नाकाला रुमाल लावूनच. "हे कोणी केलं?"

"मीच," बाय हसून म्हणाली.

"गावाने भेगा बुजवल्या! ही परीक्षा मी मानणार नाही. यंत्र हलवा."

बायचं तोंड एवढंसं झालं. साहेबांची जीप गेल्यावर शरदचंद्र हळूच म्हणाले, "बाई, मी कालच मोजलं होतं. एवढ्या भेगा चालतात. हा पास होता."

यंत्र दुसऱ्या गावाला गेलं. रस्ताही तिकडेच झाला.

पावसाळ्यात फ्लॉसीच्या कळा सुरू झाल्या. गाडी माझ्यावरून सुरळीत गेली आणि मी संपलो तिथेच रुतली. मला फार लाज वाटली. शेजारच्या हरेश्वरने चार माणसं बोलावली, फ्लॉसीला खुर्चीत बसवून खांद्यावरून नेलं. पोरगी झाली, जगली.

आता माझ्यावर बाय मिरच्या वाळवते. पुन्हा कुणी मोजायला आलंच, तर माझ्या भेगा तेवढ्या उघड्या राहू द्या, एवढंच मागणं आहे.

पोरगी माझ्यावर सायकल शिकते. जरा कुठे वेग धरते, तोच बाय ओरडते, "उतर गो, रस्ता संपला!"